एक रविवार निशाणाच्या बाजूनं

"निशाण कुणाचं?" शालननं विचारलं.

तालमीच्या कट्ट्यापुढं उभे असलेले आम्ही वीस-बावीस जण आपापल्या चपलांकडं बघत राहिलो.

"अहो, असं विचारलं की 'आभाळाचं' म्हणायचं. सगळ्यांनी मिळून. परत. निशाण कुणाचं?"

"आभाळाचं," आम्ही म्हणालो. सुतकातला माणूस पंगतीत भात मागतो तेवढ्या आवाजात.

"ह्या आवाजानं कोंबडं पण जागं व्हायचं नाही," शालन म्हणाली.

शालन माझी बायको. लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि तिचं माहेर निशाण तालमीचं होतं. कोल्हापुरात या वाक्याचा अर्थ सांगावा लागत नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगतो. आमच्याकडं प्रत्येक पेठेला, गल्लीला एक तालीम असते. तालमीत आखाडा, आखाड्याशेजारी मारुती आणि तालमीच्या नावाची फुटबॉल टीम. आमची घोडेगल्ली तालीम, पिवळा शर्ट. रस्त्यापलीकडं निशाण तालीम, लाल शर्ट. दोन्ही गल्ल्यांना मिळून पिठाची एकच गिरणी होती आणि तिथंही दोन रांगा लागत. अशा परिस्थितीत माझं लग्न जमलं ते केवळ पावसाळा होता म्हणून. फुटबॉलचा सीझन चालू असता तर दोन्हीकडच्या माणसांनी एका मांडवात पाऊल टाकलं नसतं.

आमच्या टीमविषयी खरं तेच सांगतो. एकोणसत्तर साली एक चषक मिळाला, शहात्तर साली दुसरा. त्यानंतर वीस वर्षं काही नाही. एखाद्या वर्षी पोरं अशी खेळत की वाटायचं आता घेतोच, आणि उपांत्य फेरीत आमचाच बॅक आमच्याच गोलात हेडर मारायचा. शहात्तरचा चषक मारुतीशेजारी ठेवला होता. दर शनिवारी मारुतीला तेल-शेंदूर लागला की पुजारी हात पुसायला म्हणून उरलेलं चषकाला लावायचा. त्यावर काय कोरलंय ते कुणालाच वाचता येत नव्हतं. देव कुठला आणि चषक कुठला हे नवख्याला सांगावं लागे.

आणि शहाण्णव साली आम्ही तळाला आलो. आमच्या सगळ्या मॅच संपल्या होत्या. आमच्या खाली फक्त बुरूज तालीम, एका गुणानं मागं, आणि त्यांची एक मॅच बाकी होती. बुरूज हरला तर तो खाली 'ब' गटात जाणार आणि आम्ही वाचणार. बुरूज जिंकला किंवा नुसती बरोबरी जरी झाली, तरी आम्ही खाली. त्यांचा गोलफरक आमच्यापेक्षा बरा होता. सगळ्यांचाच होता.

बुरूजची शेवटची मॅच कुणाशी? निशाणशी. रविवारी, दुपारी चारला.

म्हणजे घोडेगल्लीला वाचवायला निशाण जिंकायला हवं होतं. ही गोष्ट आदल्या संध्याकाळी तालमीत कळली तेव्हा दोघं-तिघं गुणतक्ता पुन्हा मोजायला बसले. मग हलगीवाला नारायण घोरपडे म्हणाला, "जाऊन ओरडावं लागंल."

"कुणाच्या नावानं?" आमच्या तात्यांनी विचारलं.

नारायण हलगीची वादी चाचपायला लागला.

तात्या म्हणजे माझे चुलते, रंगराव सुतार. वय अडुसष्ट. घोडेगल्लीच्या पहिल्या टीममध्ये अनवाणी खेळलेले. निशाणच्या कुणीतरी त्यांच्या नडगीवर लाथ घातली होती आणि रेफ्रीनं फाऊल दिला नव्हता. तेव्हापासून चाळीस वर्षं त्यांनी निशाणचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. 'पल्याडचे' म्हणायचे. लग्नाच्या याद्या करताना देखील "पोरगी पल्याडची हाय, पण तिचा काय दोष," एवढंच बोलले होते.

"माझ्या तोंडातनं ते नाव निघायचं न्हाई," तात्या म्हणाले.

"ओरडू नका, तात्या. नुसत्या टाळ्या वाजवा," मी म्हणालो.

"टाळ्या तरी कशापायी?"

"बुरूज हरावा म्हणून."

"तर मग बुरूज हरावा म्हणून वाजवीन. ते जिंकावेत म्हणून न्हाई."

"दोन्ही एकच की."

"तुला एक असंल. मला दोन हाईत."

मग ते हळूच म्हणाले, "ब गटाची मॅच बघायला मी जित्ता ऱ्हाणार न्हाई, विलास." त्यांच्या तोंडाकडं बघून मी घरी गेलो आणि शालनला विचारलं की तुमची माणसं निशाणसाठी नेमकं काय ओरडतात.

ती परातीत कणीक मळत होती. तिचे हात थांबले. "कशाला?"

मी सांगितलं. तिला एवढं हसू आलं की पीठ भिंतीवर उडालं. लग्न झाल्यापासून मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. मग ती म्हणाली, "मी पण येणार स्टेडियमवर. तरच शिकवते."

दोन वर्षांत ती मॅचला आली नव्हती. घोडेगल्लीची सून म्हणून तिनं आमच्यात बसावं तर तिचा भाऊ पलीकडून खेळणार. तिकडं बसावं तर आमची अब्रू जाणार. म्हणून ती घरीच राही. तिला आवड नसेल असं मी धरून चाललो होतो.

तर रविवारी सकाळी ती कट्ट्यावर उभी राहिली आणि आम्हाला धडे द्यायला लागली. घोषणा सोपी होती. अडचण वेगळीच होती. गेली कित्येक वर्षं, पलीकडून "निशाण" असं कुणी ओरडलं की आमची अख्खी गल्ली एका सुरात "चिंधी" असं उत्तर द्यायची. ते इतकं अंगात मुरलं होतं की शालननं 'निशाण' म्हटलं की पुढचा शब्द ऐकायच्या आत आमच्यातले चार-पाच जण 'चिंधी' म्हणून मोकळे व्हायचे आणि मग तिची माफी मागायचे.

"सॉरी, वहिनी."

"परत. निशाण—"

"चिंधी. सॉरी, वहिनी."

नारायणला हलगीचा ताल जमेना. आमचा ताल जलद, त्यांचा ठाय. तो म्हणाला, "हात वळत न्हाईत. हाताला कळतंय कुणाचं हाय ते." दुपारी बारापर्यंत सराव करून आम्ही इतपत आलो की दहातले सात वेळा 'आभाळाचं' निघायचं.

चारला आम्ही आमच्या नेहमीच्या जागेवर, पूर्वेच्या पायऱ्यांवर जाऊन बसलो. दोनशे माणूस असेल. समोर पश्चिमेला निशाणचा लाल जथा. कोपऱ्यात बुरूजची चाळीसेक माणसं, तीही अशी बसलेली की कुणी उठवलं तर उठून जातील. टीम मैदानात आल्या आणि शालननं मला कोपरानं ढोसलं. मी उभा राहिलो.

"निशाण कुणाचं?"

"आभाळाचं!"

मैदानात निशाणचा कॅप्टन टॉसचं नाणं उचलायला वाकला होता तो तसाच राहिला. समोरच्या पायऱ्यांवरचे लोक उठून डोळ्यांवर हात धरून आमच्याकडं बघायला लागले. त्यांचा म्होरक्या दौलत चव्हाण, चांगला शंभर किलोचा गडी, त्याच्याभोवती घोळका जमला. बराच वेळ त्यांची खलबतं चालली. मग त्यांच्यातल्या कुणाला तरी गुणतक्ता आठवला असावा, कारण दौलत उभा राहिला, गळ्यातला टॉवेल डोक्यावर फिरवला आणि भसाड्या आवाजात ओरडला, "बुरूज, आगे बढो."

निशाणला पुढं जायचं नव्हतं, मागंही जायचं नव्हतं. त्यांचा चौथा नंबर पक्का होता. हरून त्यांचं काही बिघडणार नव्हतं, आणि आम्ही खाली जाणार होतो. दोन मिनिटांत पश्चिमेची सगळी लाल बाजू बुरूजच्या नावानं गर्जायला लागली.

कोपऱ्यातली बुरूजची चाळीस माणसं आधी घाबरली. मग त्यांना कळलं की हे आपल्याचसाठी आहे. त्यातल्या एका म्हाताऱ्यानं टोपी काढून डोळे पुसले. एवढा पाठिंबा त्यांना उभ्या जन्मात मिळाला नव्हता.

शालन मात्र ताठ झाली होती. "हे काय करायलेत?" ती म्हणाली. "आपलीच पोरं हरावीत म्हणून ओरडायलेत?"

"आम्ही खाली जावं म्हणून," मी म्हणालो.

"तुम्ही जावा की खाली. पण म्हणून आपल्या पोरांना पाडायचं?"

ती आमच्यात बसून निशाणसाठी ओरडत होती, आणि नीट पाहिलं तर त्या स्टेडियममध्ये आपल्या टीमसाठी खरोखर ओरडणारी, बुरूजची चाळीस सोडली तर, ती एकटीच होती.

मॅच कशी झाली ते काय सांगू. निशाणची पोरं भांबावून गेली होती. बॅकनं चांगला बॉल अडवला की त्यांचीच माणसं त्याला शिव्या घालायची आणि आम्ही टाळ्या वाजवायचो. आमच्या टाळ्या ऐकून तो आणखीनच घाबरायचा. त्यांच्या गोलकीपरनं एक अवघड बॉल पंज्यानं बाहेर काढला, तर दौलत त्याला म्हणाला, "घरी ये तू, बघतो." तो दौलतचाच पुतण्या होता.

हाफटाइमला एक फौजदार आमच्यापाशी आला. बंदोबस्तासाठी नवीनच बदलून आला होता. काठीनं पायऱ्यांवर टकटक करत त्यानं तात्यांना विचारलं, "बाबा, तुम्ही नक्की कुठल्या बाजूचे?"

"साहेब," तात्या म्हणाले, "आजचा दिवस ते इचारू नका."

फक्त एक जण आमच्याकडं नाही, तिकडं नाही, बॉलकडं बघून खेळत होता. शालनचा भाऊ जयसिंग. निशाणचा नऊ नंबर. तेवीस वर्षांचा, सडपातळ, पळताना जीभ बाहेर काढायची सवय. आमच्याविरुद्ध त्यानं आजवर सात गोल मारले होते, आणि लग्नात मी त्याच्याकडून मानाचा टॉवेल घेताना मला तो प्रत्येक गोल आठवला होता.

शून्य-शून्य. आठ मिनिटं उरली. जयसिंग दोघांना चुकवून आत घुसला आणि बुरूजच्या बॅकनं त्याला मागून आडवा केला. रेफ्रीनं पेनल्टी दिली. आमच्याच बाजूच्या गोलावर.

पश्चिमेकडून एकच आवाज सुरू झाला. "बाहेर. बाहेर. बाहेर." तीन-चारशे माणसं, आपल्याच पोराला. दौलत पुढं येऊन हातानं दाखवत होता, कुठून बाहेर मारायचं ते.

आम्हाला ओरडायला हवं होतं, पण जयसिंग पेनल्टीला उभा राहिला की आमच्या तोंडात जे यायचं ते लिहिण्यासारखं नाही, आणि दुसरं काही येईना. नारायणचे हात हलगीवर तसेच राहिले. तात्यांनी डोळे मिटले होते.

जयसिंगनं बॉल ठेवला. उचलला. पुन्हा ठेवला. त्यानं आपल्या माणसांकडं एकदा मागं वळून बघितलं. तेवढ्या लांबूनही त्याचं तोंड उतरलेलं दिसत होतं.

शेजारी बघतो तर शालन नव्हती. ती पायऱ्या उतरून जाळीपाशी गेली होती. तिनं जाळीत दोन्ही हातांची बोटं अडकवली.

"जया."

त्यानं मान वर केली.

"इकडं बघ. तिकडं नको. मार नीट, न्हाईतर माझ्या लग्नात तू पाण्याच्या टाकीमागं जाऊन किती वेळ रडत हुतास ते इथं सगळ्यांना सांगीन."

अगदी रोजच्या आवाजात म्हणाली, पण तो आवाज असा खणखणीत की पश्चिमेपर्यंत गेला. 'बाहेर, बाहेर' थांबलं. आधी बुरूजचा गोलकीपर हसला. मग रेफ्रीनं शिट्टी तोंडातून काढली आणि तोंड पुसलं.

"सांगितलंसच की आता," जयसिंग म्हणाला.

"टाकीमागं कोण कोण हुतं ते अजून सांगायचंय."

त्यानं जीभ बाहेर काढली, चार पावलं मागं गेला आणि मारला. बॉल वरच्या दांडीला लागला, खाली आपटला आणि जाळीत गेला.

आम्ही दोनशे जण एकदम उठलो. कोण ओरडलं माहीत नाही, मीच असेन. "निशाण!"

आणि घोडेगल्लीनं एका सुरात, जिवाच्या आकांतानं उत्तर दिलं, "चिंधी!"

जयसिंग हसत हसत मैदानातच खाली बसला.

शेवटची आठ मिनिटं बुरूजनं आमचा जीव काढला. कॉर्नरवर कॉर्नर. आणि मला माझ्या शेजारून आवाज आला, "मागं या रे. निशाण, मागं या. सहा नंबर, मोकळा गडी बघ की." बघतो तर तात्या. उभे राहून, धोतराचा सोगा हातात धरून, निशाणच्या बॅकना जागा सांगत होते. चाळीस वर्षांनी ते नाव तोंडात आलं आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. मी त्यांना सांगितलं नाही. नंतरही कधी नाही.

एक-शून्य. आम्ही वाचलो. बुरूजचा तो म्हातारा जाताना टोपी हातात घेऊन पश्चिमेच्या लोकांना नमस्कार करून गेला. दौलतनं त्याच्याकडं पाहिलंही नाही.

पश्चिमेच्या दारापाशी दौलत आणि त्याची माणसं जयसिंगची वाट बघत थांबली होती. ती काही हार घालायला थांबली नव्हती. म्हणून आम्ही त्याला पूर्वेच्या दारानं काढलं. लाल शर्टावर तात्यांचा कोट चढवला, मध्ये घेतला आणि हलगी वाजवत घोडेगल्लीत आणला. निशाणचा माणूस आमच्या गल्लीत वाजतगाजत येण्याची ती पहिली वेळ.

आमच्या सोप्यात बसून त्यानं तीन कप चहा घेतला. "तायडीनं दम दिला म्हणून," तो म्हणाला. "न्हाईतर मी बाहेरच मारणार हुतो. मला गोल दिसतच नव्हता."

"वर मारतोस नेहमी," शालन आतून म्हणाली. "लहानपणापासनं सांगतेय, अंग मागं टाकू नको. म्हणून दांडीला लागला."

"तिला काय कळतंय त्यातलं," मी जयसिंगला हसून म्हणालो.

त्यानं कप खाली ठेवला. "दाजी, मला शिकवलं कुणी? गल्लीत दोन बादल्या ठेवून ही गोलात उभी ऱ्हायची. तेरा वर्षांची हुईपर्यंत. मोठमोठ्या पोरांचं बॉल अडवायची. मग आईनं बंद केलं." तो आत बघत म्हणाला, "तुम्हाला म्हायती न्हाई?"

मला माहीत नव्हतं. मी दोन वर्षं दर रविवारी घरी येऊन, हरलो की पांघरूण घेऊन, जिंकलो की मित्रांत जाऊन, तिला एक शब्द विचारला नव्हता.

"तुमचा तो मधल्या फळीतला हाफ," शालन चहाची किटली घेऊन बाहेर येत म्हणाली, "शिंद्यांचा पोरगा. तो फार मागं खेळतो. सगळ्या वर्षाची चूक ती आहे."

तात्या कोपऱ्यात बसले होते. त्यांनी बशीतला चहा संपवला. "व्हय की," ते म्हणाले.

ते वाचणं काही आमच्या कपाळी फार दिवस टिकलं नाही. तीन वर्षांनी आम्ही खाली गेलोच, आणि तेव्हा मदतीला कुणी नव्हतं. तात्या त्यानंतर अकरा वर्षं जगले. ब गटाच्या मॅच सकाळी आठला असत, धुक्यात, बघायला पंधरा-वीस माणसं. तात्या घरातनं स्टूल घेऊन जायचे आणि एकही मॅच न चुकवता सगळ्यांना नावं ठेवायचे. पुढं एकदा वर आलो, परत खाली गेलो. सध्या वर आहोत. किती दिवस ते विचारू नका.

पण मला सांगायचंय ते आम्ही वाचलो त्याच्या लगेच पुढच्या सीझनचं. पहिलीच मॅच, घोडेगल्ली विरुद्ध निशाण. दुपारी मी पिवळा शर्ट घालून निघालो तर शालन चपला घालून दारात उभी.

"येणार?" मी विचारलं.

"व्हय."

रस्ताभर मी घाम पुसत होतो. स्टेडियमपाशी दोन वाटा फुटतात. आमची माणसं तिथं थांबली होती, नारायण, तात्या, सगळे. शालननं पदर खोचला, तात्यांना म्हणाली, "येते," आणि पश्चिमेच्या दाराकडं वळली. सगळे माझ्याकडं बघायला लागले.

"विलास," तात्या म्हणाले, "तिकडल्या पायऱ्या फुटल्यात. जपून बस म्हणावं."

मी ओरडून तिला तसं सांगितलं. तिनं मागं न बघता हात हलवला.

आम्ही तीन-शून्यनं हरलो. दोन जयसिंगनं मारले, आणि अंग मागं न टाकता मारले. शिंद्यांचा पोरगा तसाच मागं खेळला. प्रत्येक गोलाला समोरच्या लाल गर्दीत एक हिरवं लुगडं उठून उभं राहिलेलं मला दिसत होतं, आणि दोनशे पावलांवरून तिचा आवाज वेगळा ऐकू येत होता. तिसऱ्या गोलानंतर मी 'चिंधी' म्हणायचं सोडून दिलं.

घरी आलो. पांघरूण घ्यावं म्हणून आत वळलो तर चुलीवरून वास आला. मॅचच्या रविवारी आमच्याकडं आमटी-भात असायचा. मला वाटायचं तिला कंटाळा येत असेल. आज ताटात मटण होतं आणि वाटीत तांबडा रस्सा.

"आज कसं काय?" मी विचारलं.

"तुम्ही हरून आलात की जेवत नाही. एवढ्या रविवारी कुणासाठी करायचं मटण?"

"आज पण हरलोच की."

"तुम्ही हरलात," शालन म्हणाली. तिचा आवाज बसला होता, पार घोगरा झाला होता. "मी जिंकून आले. मला भूक लागलीय. बसा."

मी बसलो. ती समोर बसली आणि दुसरा गोल कसा झाला ते पहिल्यापासून सांगायला लागली, मीठ-मिरचीच्या डब्या मांडून, कोण कुठं उभा होता ते दाखवत. शिंद्यांच्या पोराच्या जागी तिनं लसणीची पाकळी ठेवली होती. मी तिसऱ्यांदा रस्सा मागून घेतला.